जाळीवाला आणि सज्ज्यावरची मनी

पुनावळ्यातल्या आमच्या नवव्या मजल्यावरच्या गॅलरीला कबुतरांची जाळी लावायला तो एकदाच आला होता. त्याचं नाव मी विचारलंच नाही. अर्धी जाळी लावून झाली होती, तेवढ्यात आमची मनी उरलेल्या मोकळ्या जागेतून बाहेरच्या वीतभर सज्ज्यावर गेली.

मी तिला हाक मारणार, तोच त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"ताई, हाक मारू नका. पिक्चरमधलं मांजर हाकेला धावत येतं. खरं मांजर दचकतं."

"पण मांजर पडलं तरी पायांवर उतरतं ना?" मी पुटपुटले. मोबाइलवर तसे कितीतरी व्हिडिओ पाहिले होते.

"एवढ्या उंचीवरनं पाय ऱ्हातील का?"

मग तो मनीकडे पाठ करून फरशीवर बसला आणि सावकाश दोरीला गाठी मारू लागला. मानेवरून घाम ओघळत होता, पण त्याने एकदाही वळून पाहिलं नाही. मी भिंतीला चिकटून उभी होते. मनी सज्ज्याच्या टोकाला बसलेल्या एका कबुतराच्या रोखाने दोन पावलं सरकली, थांबली, आणि बऱ्याच वेळाने आपल्याच मनाने आत येऊन त्याच्या पिशवीचा वास घेऊ लागली.

मी तिला खोलीत कोंडून आले. "तुम्हाला कसं माहीत हे?"

"कुरुळीला आमची खोली चौथ्या मजल्याला हाय. आमचीबी एक होती. अशीच कठड्यावर गेली." तो जाळी ताणत म्हणाला, "हाक मीच मारली."

उरलेली प्रत्येक गाठ त्याने दोनदा ओढून पाहिली.