मेलेले बीजाणू

सांगलीत बेकरीसमोरून जाताना आंबलेल्या पिठाचा वास आला की माझी मान आजही ताठ होते. लोकांना त्या वासानं भूक लागते. मला साताऱ्यातली प्रयोगशाळा आठवते, आणि माझे मार्गदर्शक सर.

आमचं काम यीस्टवर. यीस्टच्या पेशीला उपाशी ठेवलं की ती चार बीजाणू धरते, पण त्याआधी आपल्याच डीएनएचे धागे स्वतःहून तोडते. दोन पालकांकडून आलेले धागे तुटल्या जागी अदलाबदल करून सांधले जातात, मगच त्यांची वाटणी नीट होते. सरांनी मात्र सगळीकडे सांगून ठेवलं होतं की त्यांच्या वाणात धागे तुटत नाहीत, तरी बीजाणू ठणठणीत जगतात. मी फक्त ते दाखवून द्यायचं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईनं मी एकेक बीजाणू अलग मांडायची, आणि नंतर बघावं तर काहीच उगवलेलं नसे, ताटली जवळजवळ मोकळी.

"तुझ्या हातानं मेले ते," सर सगळ्यांदेखत म्हणाले. "सांगलीत हळद विकायची सोडून इथं कशाला आलीस?"

"मग तुम्ही करून दाखवा, सर."

ते बसले. त्यांचा हात देखणा होता, हे मी नाकारणार नाही. पण त्यांचेही बीजाणू उगवले नाहीत. "खोलीच घाण झालीय," एवढंच बोलून त्यांनी त्या ताटल्यांबरोबर मी वाढवलेले सगळे वाणही जंतू मारायच्या वाफेच्या भांड्यात घातले. माझी कित्येक वर्षं त्या भांड्यात शिजून गेली.

मी सातारा सोडलं. घरमालक निवृत्त सुभेदार होते. रिक्षात ट्रंक ठेवताना म्हणाले, "रडतीस कशाला पोरी? खरं बोललीस न्हवं?" मी रडत नव्हते. संतापानं डोळे चुरचुरत होते.

दुसऱ्या शहरात नव्यानं वाण तयार केले. निष्कर्ष तोच निघाला: धागे तुटले नाहीत तर बीजाणू जगत नाहीत. पदवीही मिळाली. परवा साताऱ्यात एका समारंभात सर दिसले. वाकलेले, हातात काठी. माझ्या खांद्यावर हात ठेवून शेजाऱ्याला म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी."

मी तो हात बाजूला केला. "नाही. माझं काम तुम्ही मारलंत."

त्यांनी कान पुढे केला. "काय म्हणालीस?"

मी तेच पुन्हा, मोठ्यानं म्हणाले.

माणूस थकला की आपणही निवळावं, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मला त्यांची कीव आली, खोटं कशाला बोलू. रागही जिथल्या तिथं होता. दोन्ही सोबत घेऊन मी सांगलीच्या एसटीत बसले.