अठ्ठावीस वासे, चौदा पट्ट्या

माझा दादा तीस वर्षं छपरं घालतोय. शाळेशी त्याचं कधी जमलं नाही आणि मी नेमकी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे एकमेकांना टोमणे मारायला आम्हाला विषय कधी कमी पडला नाही.

आमच्या भागात टोर्नेडो येतात. हवामान केंद्राने त्यांच्या अभ्यासाचा सहा आठवड्यांचा वर्ग काढला, तेव्हा मी माझा फॉर्म भरला आणि न विचारता त्याचाही. "या वयात परीक्षा? डोकं फिरलंय का तुझं?" म्हणाला. पहिल्या रविवारी मात्र माझ्याआधी केस विंचरून दारात उभा.

टोर्नेडोच्या पोटात वारा मोजायला यंत्र सहसा नसतंच, असलं तर टिकत नाही. म्हणून तो गेल्यावर काय मोडलं, कसं मोडलं, ते बघून वेगाचा अंदाज बांधायचा. पक्कं घर पडलं तर वारा मोठा. कच्चं पडलं तर वाऱ्याचं उगाच कौतुक करायचं नाही. आकडेमोडीत दादा गटांगळ्या खायचा. पण मोडक्या लाकडाचा फोटो दाखवला, की वर्गातले इंजिनिअर चष्मे पुसेपर्यंत हा सांगून मोकळा, "खिळा आखूड होता."

शिकवणाऱ्या मॅडम त्याला म्हणाल्या, "तुम्ही पास झालात, तर पुढचा सुतार-गवंड्यांचा वर्ग तुम्हीच घ्यायचा." तेव्हापासून गडी मुंगीएवढ्या अक्षरात वह्या भरायला लागला. त्याला एखादी गोष्ट इतकी हवीशी झालेली मी कधी पाहिली नव्हती.

शेवटची परीक्षा एका खऱ्या पडक्या घरापाशी होती. घर एका म्हाताऱ्या शिंपीणबाईंचं. महिन्यापूर्वी टोर्नेडो आला तेव्हा त्या तळघरात होत्या, म्हणून केसालाही धक्का लागला नाही. छप्पर मात्र शेजारच्या शेतात जाऊन पडलं होतं.

फाटकाशी दादाचे पाय अडखळले. बाईंनी त्याला लगेच ओळखलं. "अहो, तुम्हीच ना ते! बारा वर्षांपूर्वी यांनीच घातलं होतं छप्पर," त्या सगळ्यांना सांगू लागल्या. "काम पक्कं होतं हो. महिनाभर सगळ्यांशी हेच भांडतेय मी. वाराच राक्षस होता!"

वासा भिंतीला धरून राहावा म्हणून प्रत्येक वाशाला एक लोखंडी पट्टी ठोकतात. भिंतीवर अठ्ठावीस वाशांच्या जागा होत्या आणि पट्ट्या चौदाच दिसत होत्या. बाकीच्या वाऱ्याने उपटून नेल्या असं सगळ्यांनी धरलं आणि वेगाचा भलामोठा आकडा लिहिला. मीही लिहिला. दादा शिडीवरून उतरला तो घामाघूम होऊन.

"एकाआड एकच मारल्या होत्या मी," तो माझ्या कानात म्हणाला. "पट्ट्या संपल्या. म्हटलं, उरलेल्या उद्या मारू. उद्या दुसरं काम निघालं, ते राहिलंच."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हणाले. "गप्प बस."

पोरांना 'जे दिसलं तेच वहीत लिहा' म्हणून दरडावणारी मी! आजही आठवलं की लाज वाटते.

त्याची पाळी आली. त्याने हातातला कागद घडी करून खिशात घातला. "वारा तुम्ही म्हणताय तेवढा नव्हता. त्या चौदा जागी खिळ्यांची भोकंच नाहीत. पट्ट्या मारल्याच नव्हत्या. मी मारल्या नव्हत्या." मग बाईंकडे वळला. "चूक माझी आहे, बाई. तुम्ही तळघरात नसतात, तर..."

मॅडम स्वतः शिडी चढल्या, चौदाही जागांवरून बोट फिरवून आल्या आणि नोंदीतला आकडा खोडून खाली आणला. पण आम्ही सगळे बाईंकडे बघत होतो. महिनाभर ही बाई त्याच्या कामाची बाजू घेऊन भांडत होती.

त्या दादासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी शिलाई उसवली, तर मी गिऱ्हाइकाला पुन्हा शिवून देते. तुम्ही कधी येताय?"

"उद्या," दादा म्हणाला.

"तुमचा उद्या बघितला मी. आज माप घ्या."

दादाने तिथल्या तिथे टेप काढला. पुढच्या महिन्याभरात, बारा वर्षांपूर्वी त्या वर्षी घातलेल्या प्रत्येक छपरावर तो चढून आला. पट्ट्या राहिलेली आणखी दोन घरं निघाली, तीही नीट केली. मॅडमनी त्याला पास केलं. आकडेमोडीत अगदी काठावर, हे मी त्याला अधूनमधून ऐकवतेच.

सुतार-गवंड्यांचा पहिला धडा त्याने शिंपीणबाईंच्याच अंगणात घेतला. अकरा कारागीर माना वर करून उभे. दादा वर प्रत्येक पट्टी ठोकून दाखवत होता, बाई खाली खुर्ची टाकून कापडावर खुणा करायच्या खडूने भिंतीवर रेघ ओढत होत्या. सत्तावीस झाल्या तसा दादा दम खायला टेकला.

"अजून एक!" बाई ओरडल्या.

हातोडा वाजला. बाईंनी शेवटची रेघ ओढली, पहिल्यापासून सगळ्या पुन्हा मोजल्या आणि म्हणाल्या, "अठ्ठावीस. आता उतरा."