बाबांच्या गाडीची खोळ

आमच्या घरात प्रत्येक वस्तूला खोळ असते. टीव्हीला, मिक्सरला, हिवाळ्यात कुलरला. रिमोट तर प्लास्टिकच्या पिशवीत राहतो आणि पिशवीवर रबर असतं. बाबा फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. दुसऱ्यांनी बनवलेल्या मालात खोट काढायची, हेच त्यांनी आयुष्यभर केलं. वस्तू वापरायला नसते, जपायला असते, असं त्यांना मनापासून वाटतं.

रिटायर व्हायच्या जरा आधी त्यांनी जुनी कार घेतली. आमच्या हिंदी मुलखात रिटायर होणाऱ्याला शेवटच्या दिवशी हार घालून, ढोल वाजवत घरी पोचवतात, बहुतेक वेळा कुणाच्या तरी उघड्या जीपमधून. बाबांना स्वतःच्या गाडीतून यायचं होतं. काचा बंद, एसी सुरू आणि शेजारी बडे साहेब. दिवस मे महिन्याचा शेवटचा. आणि एसीतून येत होती गरम हवा.

बाबांनी गल्लीत सांगून टाकलं की मिस्त्रीची गरज नाही, पोरगी इंजिनियरिंगला आहे. मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजचं तोंड पाहणारी घरातली पहिलीच. एसीच्या चार भागांची आकृती मी बाण काढून, पट्टी न वापरता काढू शकत होते. बॉनेट उघडल्यावर मात्र त्या चारांपैकी एकही ओळखू येईना. आकृतीत ते चार कोपऱ्यांत असतात.

"काय पाहून राहिली एवढा वेळ?" बाबांनी विचारलं.

"बहुतेक कॉम्प्रेसर असेल, बाबा."

"बहुतेक?"

इन्स्पेक्शनमध्ये माल पास असतो नाहीतर रिजेक्ट. बहुतेक नसतो.

मग आम्ही रिछाईला, कारखान्यांच्या वसाहतीत, एका मिस्त्रीकडे गेलो. लक्षणं मी सांगत होते, उत्तरं तो बाबांना देत होता. त्याने बॉनेट उघडलं, वरून एक नजर टाकली आणि गॅस कमी असल्याचं सांगितलं. गॅस भरला. अर्ध्या रस्त्यापर्यंत गार वाटलं, घरी येईतो पुन्हा भट्टी. दुसऱ्यांदा गेलो तेव्हाही गॅसच कमी होता. मी भीत भीत विचारलं, की मग आधीचा गेला कुठे? तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला, "बिटिया, किताब की बात किताब में रहने दो." बाबा हसले. त्या हसण्याचा राग मला अजून आहे.

खरं तर इंजिनाच्या तापमानाचा काटाही रोज वर चढत होता. तो मला दिसत होता. मी तो मे महिन्याच्या खात्यावर टाकला. म्हणजे मिस्त्रीत आणि माझ्यात फरक एवढाच, की मी फी भरून चुकत होते.

निरोपाच्या आदल्या दिवशी माझ्यावर भरवसा टाकण्याजोगं एकच काम उरलं होतं, गाडी धुणं. पाइपने पुढच्या जाळीवर पाणी मारलं तर ते आत जाईना, उलटं माझ्याच पायांवर आलं. मी खाली बसून जाळीतून आत पाहिलं. मागे खाकी कापड होतं, चारी कोपऱ्यांना हुक लावून ताणलेलं.

आईला विचारलं, तर ती खूश होऊन म्हणाली, "यांच्या जुन्या वर्दीचं आहे. मीच शिवलं, डबल शिलाई मारून. आत धूळ जाते म्हणे."

त्या कापडाच्या लगेच मागे कंडेन्सर होता. बाहेरच्या वाऱ्याने त्याची उष्णता जायची असते, आणि आम्ही त्याला ऐन उन्हाळ्यात पांघरूण घातलं होतं. आजवर सगळ्यांनी गाडीत वरून पाहिलं, समोरून कुणीच नाही. हुक काढले, एसी लावला. पाच मिनिटांत हात गारठला.

एसी सुरू झाला एवढंच बाबांना सांगितलं, कापडाचं नाही. उद्या त्यांचा निरोप, आज त्यांची चूक कशी काढायची? शिवाय मला भीतीही वाटली. कापड घडी करून डिकीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गाडी मी चालवत होते. मागे गळाभर हार घातलेले बाबा, त्यांच्या शेजारी साहेब, पुढे ढोल. गाडी मुंगीच्या चालीने चालली होती, तरी आत गारवा होता. साहेब म्हणाले, "एसी तो बढ़िया है भाई."

"खराब था सर. बेटी ने ठीक किया. इंजिनियर बन रही है."

मी स्टीअरिंग घट्ट धरलं. साहेबांनी मला विचारलं, "अच्छा? क्या खराबी थी?"

खोटं बोलणं मला जमत नाही. मी म्हणाले, "सर, कंडेन्सर को हवा नहीं मिल रही थी. सामने कुछ आ गया था."

मग बाबांनी मराठीत, अगदी हळू विचारलं, "काढलं काय तू ते?"

"हो, बाबा."

"धूळ जाईल ना आता."

आरशात पाहिलं, तर ते माझ्याकडे नाही, साहेबांकडे वळले होते. "क्या बताएँ सर, आजकल की कंपनियाँ. ऐसी जगह फिट करते हैं कि हवा ही न लगे. अपने सेक्शन में आता तो मैं पास नहीं करता."

साहेबांनी मान डोलावली. "सही बात है," असंही म्हणाले.

घर आलं. साहेब उतरले, बाबा उतरले, गल्लीने टाळ्या वाजवल्या. हार सावरत बाबा काचेपाशी वाकले आणि म्हणाले, गाडी सावलीत लाव, आणि ते कापड आधी जागच्या जागी बसव.