द्राक्षमळ्याचा आतला अर्थ

नागपूरला बायबलवरचं तीन दिवसांचं शिबिर करून मी गोंडपिपरीला परतलो, तेव्हा मला सगळ्याच गोष्टींचे आतले अर्थ दिसायला लागले होते. शास्त्रातला राजा म्हणजे राजा नसतो आणि खून म्हणजे खून नसतो, असं तिथं शिकवलं होतं. निवृत्त मास्तराला नवं काही कळलं की ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. त्यात आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत रविवारचं वाचन माझ्याकडेच होतं.

मी द्राक्षमळ्याची गोष्ट घेतली. राजाला शेजारच्या माणसाचा मळा हवा असतो. वाडवडिलांची जमीन म्हणून तो देत नाही. मग राणी दोन खोटे साक्षीदार उभे करते, त्याला दगडांनी मारवते आणि राजा मळा घेतो. मी म्हणालो, हे सगळं आपल्या अंतरात घडतं. राजा म्हणजे वासना, राणी म्हणजे अहंकार आणि मळेवाल्याचं मरण म्हणजे 'माझं माझं' सुटणं.

पुढच्या रांगेतल्या ठेकेदाराने डोळे पुसले. आपल्याही आत एक राजा आहे, हे त्याने मला नंतर जरा अभिमानानेच सांगितलं.

सगळे गेल्यावर दाराजवळ बसलेली एक विधवा बाई थांबली. तिचं वावर ठेकेदाराच्या जागेला लागून होतं.

"भाऊ, तो मळेवाला मेला का नाई?"

आध्यात्मिक अर्थाने पाहिलं तर, असं मी सुरू केलं.

"ते राहू द्या. दगड त्याले लागले का नाई?"

लागले, मी म्हणालो.

"मंग माह्या वावराच्या कागदावर तुमची सही काऊन हाय?"

महिन्यापूर्वी ठेकेदाराने घरी चहाला बोलावून एका कागदावर माझी सही घेतली होती. धुऱ्याजवळची, म्हणजे बांधालगतची पट्टी पहिल्यापासून त्याचीच, तिथं मोहाची झाडं कधी नव्हतीच, असं त्यात लिहिलं होतं. हे मला बाईनेच सांगितलं. मी कागद वाचला नव्हता. 'प्रश्न नीट वाचून उत्तर लिहा' असं जन्मभर पोरांना सांगणारा मी! कागदाखाली साक्षीदार म्हणून दोनच सह्या होत्या.

त्या दुपारी मी माझ्या सहीचाही आतला अर्थ शोधून पाहिला. सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईसोबत तहसीलला गेलो आणि न वाचता सही केली असा जबाब लिहून दिला. दबाव होता का, असं बाबूने विचारलं. नाही, चहा चांगला होता, असं मी सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं नाही.

धान कापणीनंतर पुन्हा मोजणी झाली. पट्टी बाईला मिळाली, पण तोवर तिच्या पाच झाडांतली दोन तोडून झाली होती. उरलेल्या तीन झाडांखाली उन्हाळ्यात ती पहाटेच मोहफुलं वेचायला जाते. दोन झाडांचं काय, हे तिने मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ठेकेदार आता दुसऱ्या मंडळीत जातो. माझ्या शिकवणीत आध्यात्मिक खोली राहिली नाही, असं तो तिथं सांगतो म्हणे.