तर्रीवाला आणि दीर्घिका

धरमपेठेत आमच्या कॉलेजसमोर तर्री-पोह्यांची एक गाडी असायची. मी भौतिकशास्त्र शिकवायचो आणि रोज सकाळी तिथं खायचो, पण गाडीवाल्याचं नाव कधी विचारलं नाही. तर्री ओतण्याआधी तो पळी पातेल्याच्या काठावर दोनदा ठोकायचा.

एकदा मी मासिकात एकमेकींत घुसलेल्या दोन दीर्घिकांचं चित्र पाहत होतो. तो वाकून म्हणाला, "हे काय होऊन राहिलं, सर?"

मी सांगितलं, "मोठी दीर्घिका लहानीला गिळते. अशीच ती आणखी मोठी होते."

त्याचा चेहरा पडला. शेजारचा हॉटेलवाला 'गाडी सोड, माझ्याकडे ये' म्हणून त्याच्या मागे लागला होता.

"मंग लहानीतल्या ताऱ्यायची टक्कर होते का?"

"सहसा नाही. ते आत फिरत राहतात. वायू तेवढा मिसळतो."

"मिसळते ना? मंग जमते."

सोमवारी गाडी दिसली नाही. महिन्याभरात त्या हॉटेलात इडलीवरसुद्धा तर्री पडू लागली. मालक तिखटानं नाक पुसत बसलेला, आणि आतून पळीचे दोन ठोके.

मी आत डोकावलो. "गिळलं ना शेवटी?"

"मोठं त्याले होऊ द्या, सर," तो म्हणाला. "तिखट तं माहंच आहे."