शेपूट नसलेली पिल्लं

काल गॅलरीतली कुंडी हलवली आणि खालच्या कुजलेल्या पानांचा ओलसर वास आला. त्या वासानं मला थेट भीमाशंकरच्या रानात नेलं.

माझं लग्न नुकतंच झालं होतं. नवरा चाकणला कंपनीत, त्यामुळे कुरुळीच्या घरात दिवसभर मी आणि सासूबाई दोघीच. बोलणं मात्र मीठ-मिरचीपुरतं. एका सुट्टीला आम्ही तिघं रानात गेलो. नवरा पुढं निघून गेला आणि वाटेच्या कडेच्या झुडपात, एका पानावर, मला पारदर्शक अंड्यांचा पुंजका दिसला. आत काहीतरी वळवळत होतं.

"आई, लवकर इकडं या!" मी ओरडलेच.

पदर खोचून त्या माझ्याशेजारी चिखलात बसल्या. तेवढ्यात एक अंडं फुटलं आणि तांदळाच्या दाण्याएवढा बेडूक बाहेर आला, चांगला चार पायांचा!

"अगं, शेपूट कुठंय ह्याला? पाण्यात बी न्हाई गेला!"

झुडपातले हे बेडूक पाण्यात अंडी घालतच नाहीत आणि त्यांची शेपटीची अवस्था अंड्यातच संपते, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

"आई, तो बघा दुसरा!"

"व्हय की! अन् त्यो तिसरा! हलू नगंस, पोरी!" त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. पिल्लं टुणटुण उड्या मारत पाचोळ्यात गेली.

तेव्हा वाटलं, केवढा चमत्कार पाहिला बेडकांचा! आज त्याहून मोठं वाटतं ते पुढचं. परतताना नवऱ्याला एक शब्द बोलू न देता आम्ही दोघीच बोलत होतो, एकमेकींची वाक्यं तोडत. कुरुळी आली तरी आमचं संपलं नव्हतं.