वळण ओलांडून थांबलेली गाडी

आमच्या वाडीत आता मोजक्याच चुली पेटतात आणि गाडी एकच आहे, मिलुन्काची. दवाखाना असो, कुणाची मयत असो, नाहीतर झाब्लाकचा बाजार, आम्ही साऱ्या म्हाताऱ्या तिच्याच गाडीत कोंबून जातो. मी तिच्या शेजारी बसते आणि वाटभर कुरकुरते. ती ऐकून न ऐकल्यासारखं करते.

तिचा नवरा वुकोता रस्त्यावरच गेला. पंक्चर होऊन चाक बसलं होतं आणि टायर नवाकोरा होता. तो फाटू नये म्हणून वुकोता तिथंच, वळणावर थांबला आणि चाक बदलायला बसला. मागून लाकडाचा ट्रक आला. ट्रकवाल्याला तो दिसलाच नाही. तेव्हापासून तिचा मुलगा रादोश तिच्यामागे लागलाय, की गाडी विक आणि शहरात, निकशिचला माझ्याकडे राहायला ये. तिथं पाचव्या मजल्यावर घर. यंदा वसंतात त्यानं निर्वाणीचं सांगितलं, "आई, रस्त्यात एकदा जरी अडकलीस तर मी येऊन गाडी घेऊन जाईन." गाडी गेली की मिलुन्काचं घर सुटणार, हे तिलाही कळत होतं आणि आम्हालाही. तिच्यामागं आमचंही सुटलंच असतं.

गवत कापणीच्या दिवसांत आम्ही दोघी बाजाराला निघालो होतो. मागच्या सीटवर चीज आणि कायमाकाची, म्हणजे मुरवलेल्या सायीची मडकी. घाटात एका वळणावर गाडी उजवीकडे ओढायला लागली आणि मागून धपधप आवाज सुरू झाला.

"बसलं चाक," मी म्हटलं. "थांब आता."

"इथं नाही."

"अगं, टायरच्या चिंध्या होतील."

"होऊ देत."

तिनं चारही इंडिकेटर लावले आणि गाडी तशीच रखडत पुढं काढली. ते वळण गेलं, त्याच्या पुढचंही गेलं. जळक्या रबराचा वास आत आला. मी तोंडाला येईल ते बोलत होते, ती दात आवळून रस्त्याकडे बघत होती. झऱ्यापाशी रस्ता सरळ होतो आणि कडेला सपाट जागा आहे, तिथं कुठं ती थांबली.

"उतर, आणि कठड्याच्या पलीकडे जाऊन बस," ती म्हणाली.

हँडब्रेक ओढून, गाडी गियरमध्ये ठेवून तिनं पुढच्या चाकांना मागून-पुढून दगड लावले. मग इशाऱ्याचा लाल त्रिकोण घेऊन रस्त्यानं मागं चालत गेली, इतकी लांब की मला वाटलं बाई घरीच निघाली. परत येऊन तिनं पाना घेतला आणि चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायला लागली.

तेवढ्यात रादोशचा चुलतभाऊ गोयको गवतानं भरलेली पिकअप गाडी घेऊन आला. आमच्याकडे अडलेल्याला ओलांडून कुणी पुढं जात नाही, आणि थांबलेला पुरुष हात बांधून उभा राहत नाही. यानं गाडी भर रस्त्यात उभी केली, दार उघडंच टाकलं आणि आल्या आल्या जॅक उचलला.

"काकू, सरका बघू. मी असताना तुम्ही पान्याला हात लावायचा? लोक शेण घालतील माझ्या तोंडात."

"आधी तुझी गाडी रस्त्यावरून काढ."

"दोन मिनिटांचं तर काम आहे."

"वुकोताचंही दोन मिनिटांचंच होतं."

गोयको मुकाट्यानं गेला आणि गाडी कडेला घेतली. पण येताना फोन खिशात ठेवत आला. "दादाला कळवलंय. निघाला तो. म्हणाला, आईला गाडीला हात लावू देऊ नकोस."

"मेल्या, तुला कुणी विचारलं होतं?" मी ओरडले.

मिलुन्काचा चेहरा पांढराफटक पडला.  मग ती म्हणाली, "त्याला यायला वेळ आहे," आणि पुन्हा पाना लावला.

एक नट काही केल्या हलेना. गोयको पुढं झाला, तर तिनं त्याला हातानंच थांबवलं. "द्रागा, तू ये. तुझं वजन कधीतरी कामाला येऊ दे." मी गोयकोच्या खांद्याचा आधार घेऊन तिच्या पायाशेजारी पान्यावर पाय दिला. नट किंचाळला आणि सुटला. मग तिनं गाडी उचलली, जॅक घसरलाच तर गाडी टेकायला म्हणून स्टेपनी खाली आडवी सरकवली, आणि जुनं चाक निघाल्यावर ते खाली सरकवून स्टेपनी चढवली. गाडी खाली आल्यावर समोरासमोरचे नट आवळले.

रादोश आला तेव्हा आम्ही तिघं कठड्याआड बसून पाव-चीज खात होतो.  त्यानं पाना घेऊन एकेक नट ओढून पाहिला. एकही हलला नाही. मग त्याची नजर खाली पडलेल्या चाकाकडे गेली. टायर उरलाच नव्हता, नुसत्या चिंध्या.

"हा असा कसा झाला?"

"चालवत आणला."

"कुठून?"

तिनं हनुवटीनंच वरचा घाट दाखवला. रादोश चालत वर गेला. टायरचे काळे डाग सुरू होतात त्या वळणावर तो बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलताना मी पाहिले. मलाही रडू फुटलं, आणि त्याची मला लाज नाही.

खाली येऊन त्यानं ते फाटकं चाक उचललं आणि स्वतःच्या गाडीच्या डिकीत टाकलं.

"नवा टायर बसवून आणतो सोमवारी," तो म्हणाला. "तोवर स्टेपनीवर लांब जाऊ नकोस."

"दोन आण," मिलुन्का म्हणाली. "पुढचाही झिजलाय."